दहानंतरचा आवाज

एकदा एका पठारावर वारा उदंड होता आणि वीज मात्र पाहुण्यासारखी येऊन जात असे. तिथल्या एका गावात एक वृद्ध कारागीर राहत होता. घरावर बसवायच्या लहान पवनचक्क्या तयार करायच्या, उभ्या करायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या, हा त्याचा उद्योग. लोक त्याला नुसते 'बाबा' म्हणत. काम पुरे झाल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या घरचा चहासुद्धा घेत नसे. एकदा कोणाचा तरी एक बोल्ट चुकून त्याच्या पिशवीत आला, तर तो परत करायला हा गृहस्थ दोन गावे ओलांडून चालत गेला. त्या माणसाची दुपारची झोप मोडली आणि तो बाबांवरच चिडला, ही गोष्ट निराळी. सांगायचे इतकेच, की त्या पंचक्रोशीत सचोटी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे हाच चेहरा येई. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे याच माणसाने जे केले ते पाहून अख्खे गाव तोंडात बोट घालून उभे राहिले.

बाबांच्या हाताखाली एक शिष्य सहा वर्षे शिकत होता. तो हुशार होता, हाताला सफाई होती आणि पुस्तकातलेही त्याला पुष्कळ कळत असे. त्याला खोड एकच होती. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटे. आता तुम्ही म्हणाल, ही काय खोड झाली? मलाही पूर्वी तसेच वाटत असे.

या शिष्याला पहिले स्वतंत्र काम मिळाले ते एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे. व्यापारी माणूस वाईट नव्हता. सकाळी आठला डबा घेऊन तालुक्याच्या पेठेत जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. पण कोणतीही वस्तू वाया जाताना दिसली की त्याचे डोके उठे. जेवताना पानात एक शीत राहिले तरी तो घर डोक्यावर घेई. शिष्याने त्याच्या घराच्या धाब्यावर खांब उभा केला, त्यावर तीन पात्यांची चक्की चढवली, जिन्याखाली बॅटऱ्या मांडल्या. बाहेरच्या भिंतीला एक लोखंडी पेटी लावली, तिच्यात तारेचे वेटोळे होते. बॅटऱ्या भरल्या की उरलेली वीज आपोआप त्या पेटीत जाई आणि तिथे तिची ऊब होऊन जाई.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याचा हात त्या पेटीला लागला आणि चांगलाच भाजला.

"हे काय तापलंय?" त्याने विचारले.

"बॅटऱ्या भरल्यात ना, शेट. उरलेली वीज इथं जाती."

"म्हणजे माझ्या चक्कीची वीज हवा तापवायला? काढ, काढ ती पेटी. आत्ताच्या आत्ता काढ."

शिष्य घुटमळला. पेटी काढू नये, हे बाबांनी शिकवले होते. पण शेट समोर उभे होते, पहिलेच काम होते, आणि 'नाही' हा शब्द काही केल्या बाहेर पडेना. त्याने पेटी सोडवली, उघड्या पडलेल्या दोन वायरींच्या टोकांना काळी पट्टी गुंडाळली आणि स्वतःची समजूत घातली, की आता बॅटऱ्या भरल्या की चक्कीला काही काम उरणार नाही, मग ती मोकळी हलकी फिरत बसेल, त्यात काय मोठेसे! पेटी त्याने कारखान्याच्या भंगारात टाकली आणि तो ती विसरून गेला.

पुढे आषाढाचा वारा सुटला. व्यापाऱ्याची मुलगी वैजू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा झाला. घर आनंदात होते, पण वैजू आणि तिची आई रोज एकच गाऱ्हाणे सांगू लागल्या.

"ती चक्की लय आरडती, अण्णा. सकाळचं दहा वाजलं की सुरू हुती. कानात सुई घातल्यावानी वाटतं. बाळ दचकून उठतंय."

व्यापारी हसायचा. "मी रोज संध्याकाळी अंगणात खाट टाकून पडतो. मला कधी ऐकू आलं नाही ते?"

तरी लेकीचे मन राखायला म्हणून त्याने शिष्याला बोलावले. शिष्य यायचा तो संध्याकाळी, शेटबरोबरच, त्यांच्या गाडीवर बसून. त्याने काम मात्र मन लावून केले. खांबाच्या पायाखाली रबराच्या जाड गाद्या घातल्या, म्हणजे खांबाची थरथर भिंतीत उतरू नये. सगळे बोल्ट आवळले. पात्यांच्या कडांना धुळीने आणि किड्यांनी धरलेला थर खरवडून काढला, एका कडेला खाच पडली होती ती घासून गुळगुळीत केली. तिन्ही पात्यांचे वजन जुळवले. ताणाच्या तारा वाऱ्यात गुणगुणत होत्या, त्याही बेतशीर केल्या. मग खाली उतरून त्याने फोनवर आवाज मोजला. सौम्य सूं सूं, बाकी काही नाही. 'आवाज समाधानकारक', असे त्याने वहीत लिहिले. शेट म्हणाले, "बघ वैजे, मी सांगत नव्हतो?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता घरात पुन्हा तीच किंचाळी. पुन्हा संध्याकाळी शिष्य, पुन्हा शांतता. असे तीनदा झाले. त्या दोघी बायका दहानंतरचा आवाज म्हणतात, तर दहानंतर येऊन ऐकावे, हे दोघांपैकी एकाही शहाण्या पुरुषाला सुचले नाही. मला या गोष्टीतला हाच भाग सर्वांत जास्त खुपतो.

व्यापाऱ्याच्या भिंतीला लागूनच अनसाक्का नावाची बाई राहत असे. वय सत्तरीचे. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले. तरीही गावातल्या तीन पिढ्यांची बाळे तिनेच न्हाऊ घातलेली. वैजूलासुद्धा तिनेच. पाटावर बसायचे, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर निजवायचे, तेल जिरवायचे, मग एका हाताच्या तळव्याने कपाळावर बांध घालून दुसऱ्या हाताने पाणी सोडायचे. डोळस बायकांनाही ते जमत नसे. लोक विचारत, "अक्का, तुम्हांला दिसत नाही, मग पाणी नाकातोंडात जातंय का हे कळतं कसं?" ती म्हणे, "घसा सांगतोय की त्याचा. पाणी लागलं की घशात बारीक गुळगुळ हुती. ती आली की पोर पालथं करायचं." तिची सगळी नजर कानात होती. त्या कामावर तिचे घर चाले आणि त्याच कामामुळे गावात तिला मान होता. कोणाचीही सून बाळंत झाली की पहिला निरोप अनसाक्काला जाई.

एके दिवशी सकाळी सव्वादहा झाले होते. न्हाणीत बाळ अक्काच्या पायांवर होते. वैजू पंचा आणायला आत गेली. वर चक्की किंचाळत होती. अक्काने एक तांब्या सोडला, दुसरा सोडला, तिसरा उचलला. वैजू परत आली आणि तिने बाळाचा चेहरा पाहिला. तो निळा पडत चालला होता.

वैजूने अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरचे लोक धावले. ती किंकाळी मात्र अक्काला ऐकू गेली. तांब्या टाकून तिने क्षणात बाळाला हातावर पालथे घेतले, पाठीवर थापटले, एकदा, दोनदा, तीनदा. तोंडातून पाणी आले. बाळ गप्पच होते. मग एक बारीक खोकला, आणि रडे फुटले. बाळ वाचले. मधला तो काळ किती लांब होता हे वैजूला आजही सांगता येत नाही.

निरोप मिळताच व्यापारी पेठेतून तसाच पळत आला. पण तोवर घरात आलेल्या माणसांसाठी कोणीतरी सगळे पंखे लावले होते, पाण्याची मोटर सुरू होती, आणि चक्की शांत होती. भर अंगणात, सगळ्यांदेखत तो ओरडला, "आंधळ्या बाईच्या हातात पोर दिलंत! तुमची डोकी ठिकाणावर होती का?"

अनसाक्का भिंतीला धरून उभी होती. तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होते.

"खरं हाय, शेट," ती म्हणाली. "घशाची गुळगुळ मला ऐकूच आली न्हाई. माझं कान गेलं. म्हातारपणी जात्यात तसं गेलं असत्याल. मला कळाया पायजे हुतं."

आणि भिंत चाचपत ती घरी गेली. त्या दिवसापासून तिने बाळाला हात लावला नाही. कोणी बोलवायलाही आले नाही. पाट तिने शेजारणीला देऊन टाकला.

महिनाभराने ही बातमी शिष्याने बाबांना काम करता करता सांगितली, गावातल्या इतर बातम्या सांगाव्यात तशीच. "वाचलं बिचारं पोर. अक्काचं वय झालं, दुसरं काय."

बाबांच्या हातातला पाना थांबला. "किती वाजता झालं हे?"

"सकाळी. सव्वादहा, साडेदहा."

"तू त्या घरी सकाळी दहाला कधी गेलतास?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली.

"भिंतीवरची पेटी जाग्यावर हाय न्हवं?"

शिष्याने हातातले काम खाली ठेवले. "शेट म्हणाले काढ. मी काढली. भंगारात आहे."

बाबा रागावतील असे त्याला वाटले. ते रागावले नाहीत, आणि ते त्याला जास्त लागले. "ती घिऊन ये," एवढेच ते म्हणाले. मग संध्याकाळभर बसून त्यांनी पेटीतले वेटोळे काढले आणि झाकणाच्या, तोटी असलेल्या एका पत्र्याच्या टाकीत पक्के बंद करून बसवले. शिष्याने कारण विचारले. बाबांनी टाकीत पाणी भरून ती गळते का ते पाहिले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोघे व्यापाऱ्याच्या घरी पोचले. शेट पेठेत गेले होते. बाबा न्हाणीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. ऊन चांगले वर आले होते, घरात एकही दिवा नव्हता, पंखा नव्हता. बॅटऱ्यांचा काटा शेवटच्या रेघेला टेकला. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला.

आणि वर चक्की सुटली. आधी गुणगुण, मग शीळ, मग एक लांब, तीक्ष्ण, न थांबणारी किंचाळी. पाती दिसेनाशी झाली, नुसते एक पांढुरके वर्तुळ उरले. पायाखाली रबराच्या गाद्या होत्या, बोल्ट आवळलेले होते, पाती घासलेली होती, आणि तरीही अंगणातल्या माणसाला शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. शिष्य वर बघतच राहिला. आपल्या हातांनी उभी केलेली चक्की ही, यावर त्याचा विश्वास बसेना.

वैजू बाळाला घेऊन ओसरीवर आली. बाळाच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"रोज असं?" शिष्याने ओरडून विचारले.

"रोज! चार वाजंपतोर!" वैजूही ओरडली. "तुमी रातच्याला येऊन काय ऐकत हुता, द्येव जाणं!"

बाबा उठले. शिष्याला म्हणाले, "शेटला फोन लाव. म्हणावं, तुमच्या घरात दिवसाढवळ्या चोरी चालली हाय, लवकर या."

"चोरी? कोण करतंय?"

"मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी शिडी भिंतीला लावली.

आमच्याकडे तारेवर आकडा टाकून वीज चोरणे हा प्रकार काही कोणाला नवा नाही. कोणी टाकला असेल हे अंधारातही ओळखता येते, इतका तो सरावाचा आहे. पण त्या दिवशी, दहा वाजता, भर उन्हात, साऱ्या आळीदेखत, ज्याने आयुष्यात दुसऱ्याचा बोल्ट ठेवला नाही असा पंच्याहत्तरीचा माणूस शिडीवर चढून व्यापाऱ्याच्या वायरीवर आकडा टाकत होता. माणसे गोळा झाली. एकाच्या हातातली सायकल आडवी पडली तरी त्याला भान नव्हते. काही बायकांनी पदर तोंडाला लावले. शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. कारण बाबांनी सोडवलेली काळी पट्टी त्यानेच गुंडाळलेली होती.

वायरीचे दुसरे टोक बाबांनी भिंतीवरून पलीकडे, अनसाक्काच्या अंगणात सोडले. तिथे ओट्यावर ती पत्र्याची टाकी त्यांनी येतानाच ठेवून पाण्याने भरली होती. एवढ्यात व्यापारी धापा टाकीत आला. दिवसा दहानंतर तो घरी कधीच नसे, त्यामुळे अंगणात पाऊल टाकताच पहिला धक्का त्याला त्या आवाजाचा बसला. "हे काय किंचाळतंय?" तो म्हणाला. मग त्याने शिडी पाहिली, वायर पाहिली, आणि तिच्या मागोमाग त्याची नजर पलीकडे गेली.

"बाबा! तुम्ही? माझ्या घरची वीज चोरून त्या बाईला? उतरा आधी खाली! गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुम्हांला!"

पलीकडून अनसाक्का दारात आली. काय चालले आहे ते कोणीतरी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले तेव्हा तिने दोन्ही हात जोडले. "नगं रं बाबा! काय बी हू दे, पर चोरीची ईज माझ्या दारात नगं. आदीच लय झालंय."

बाबा शिडीवरून उतरले नाहीत. त्यांनी दुसरा आकडा अडकवला.

वरची किंचाळी जागच्या जागी अडखळली. मग ती खाली खाली येऊ लागली. शिळेची गुणगुण झाली, गुणगुणीची सूं सूं झाली. त्या पांढुरक्या वर्तुळातून एक पाते दिसले, दुसरे दिसले, तिसरे दिसले. तीनही पाती आपल्या चालीने फिरू लागली. आणि अंगणात एवढी शांतता झाली की सगळ्यांनाच दचकल्यासारखे झाले. कोणाच्या तरी हातातल्या बांगड्या वाजल्या, त्या ऐकू आल्या. न्हाणीत नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. ओसरीवर वैजूच्या कुशीत बाळाने एक उचकी दिली.

भिंतीपलीकडून अनसाक्का एकदम ओरडली, "उचकी लागलीया त्याला! पालथं घ्या जरा!"

वैजूने बाळाला पालथे घेतले. अक्काचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. तिने दोन्ही कान चाचपून पाहिले, जणू ते आहेत की नाहीत याची तिला खात्री करून घ्यायची होती. "हायत," ती म्हणाली. "अगं बया, माझं कान हायत!" आणि ती दारातच मटकन खाली बसून मोठ्याने रडू लागली.

व्यापारी अजून शिडीपाशीच उभा होता. बाबा खाली उतरले. "शेट, आत जाऊन बॅटऱ्यांचा काटा बघून या. माझ्या चोरीनं किती खाली आला ते सांगा."

व्यापारी जिन्याखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. काटा होता तिथेच होता, शेवटच्या रेघेला टेकलेला.

मग बाबा बोलले. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे ते बोलले ते लोकांनी जपून ठेवले आहे.

"तुमच्या बॅटऱ्या भरल्या म्हणून वारा व्हायचा थांबतो का, शेट? तो देतच ऱ्हातो. पात्यावर वझं असलं, तर पातं जपून, बेतानं फिरतं. बॅटऱ्या भरल्या आन् पुढं वाट बंद केली, की वझं सुटतं आन् ते पिसाळतं. रबर घाला, बोल्ट आवळा, त्याला काय बी इलाज न्हाई. तुम्ही म्हणाला, ईज वाया जाती. खरं हाय, हवा तापवून ती वायाच जात हुती. पर तुम्ही ती बंद केली, दुसऱ्याला दिली न्हाई. तुमच्या पोटात मावंना आन् भिताडापल्याड जाऊ दीना, म्हणून ती दिवसभर वर आरडत हुती. तुम्हांला ऐकू यायचं कारणच न्हाई. तुम्ही घरी येता तवा दिवं लागत्यात, पंखं लागत्यात, तिला काम मिळतं, ती गप हुती. मागं घरात ऱ्हाणाऱ्यांनी ऐकायचं आन् त्यांनी सांगितलं की तुम्ही हसायचं."

मग ते शिष्याकडे वळले. "आन् तू. तू आवाज मोजलास तो मालकाच्या कानानं."

शिष्याने मान खाली घातली. त्याने वहीत लिहिलेला 'समाधानकारक' हा शब्द त्याला त्या क्षणी सहन होईना. पुढे कित्येक वर्षांनी तो स्वतः नावाजलेला कारागीर झाला, तेव्हाही या प्रसंगाविषयी बोलताना तो खाली बघूनच बोलत असे.

टाकीतले पाणी हळूहळू कोमट होत होते. वैजू उठली. बाळाच्या कानांतले कापसाचे बोळे काढून तिने अंगणात टाकले, बाळाला पोटाशी धरले आणि बापाकडे न बघता ती पलीकडे गेली. शेजारणीने पळत जाऊन पाट आणला.

"नगं गं पोरी," अनसाक्का म्हणाली. तिचे हात मागे गेले होते. "त्या दिशी माझ्या हातात काय झालं ते तू बघितलंस. मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं," वैजू म्हणाली. "पर मी हितंच बसती. तुमी ऐका, मी बघती."

अक्का पाटावर बसली. पाय लांब केले. बाळ नडग्यांवर आले, तिची बोटे तेलाने ओली झाली आणि हळूहळू त्यांना आपले काम आठवले. टाकीच्या तोटीतून कोमट पाणी आले. एक तांब्या. दुसरा तांब्या. बाळाने तोंड उघडले. कोणालाही काही दिसले नव्हते, काही ऐकू आले नव्हते, तोच अक्काने बाळाला अलगद पालथे केले, पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा उताणे घेतले. वैजूने आणि तिच्या आईने एकदमच सुस्कारा टाकला.

व्यापारी फाटकातून आत आला होता. चारचौघांत त्याने कधी कोणापुढे मान तुकवली नव्हती. तो पाटापासून चार हातांवर थांबला आणि म्हणाला, "अक्का, माझं चुकलं. सगळ्यांसमोर मी तुम्हांला आंधळी म्हणालो."

अनसाक्काचा हात बाळाच्या छातीवर होता. तिने मान वर केली नाही.

"त्याचं काय न्हाई, शेट. आंधळी तर मी हायच. पर म्हैनाभर मी सवताला बहिरी समजून घरात बसले. रोज उठून देवाला इचारत हुते, आता ह्ये बी न्हेलंस का म्हणून. त्याचं मी काय करू, ते सांगा."

व्यापारी तिथेच ओट्याच्या कडेला बसला आणि त्या दिवशी परत पेठेत गेला नाही. दुपार झाली, चार वाजले, वारा वाहतच होता. आपल्या घरात दिवसा काय काय ऐकू येते, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

वाचकहो, आपल्याही घरात पुरून उरलेले काही ना काही असतेच. ते कोणाच्या कानाशी किंचाळते आहे, हे पाहायचे असेल, तर एखादे दिवशी आपण सहसा घरी नसतो त्या वेळी घरी थांबून पाहावे.